थारची रिसेल आणि १५ ऑगस्ट

"रिसेल सॉलिड आहे रे" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हेच, सोसायटीच्या पार्किंगमध्ये हेच, आणि आता गावी सिद्धेश्वरला (तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली, पूर्णा नदीवरचं धरण आहे तेच) गेलो तरी हेच. थारची रिसेल म्हणे कुठे जात नाही.

बाहेरच्या जगात हा वाद पोर्शेवरून घालतात. आमच्या एमएच-३८ मध्ये स्पोर्ट्स कार म्हणजे थार. दोन दारं, मागे बसणाऱ्याचे हाल, डिकी नावालाच, आणि घ्यायचं खरं कारण एकच: ती आवडते. आवडते म्हणून घ्या की! माझा आक्षेप तिला गुंतवणुकीचा मुखवटा चढवण्याला आहे.

हा समज आला कुठून? नवी थार २ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आली, किंमत ९.८० लाखांपासून. बुकिंग इतकं झालं की महिनोन्‌महिने वेटिंग. ज्याला थांबायचं नाही तो वापरलेली गाडी नव्याच्या भावात, कधी त्याच्याही वर घ्यायचा. ही किंमत रांगेची होती. लोकांनी ती गाडीच्या नावावर मांडली. रांग संपल्यावर काय होणार, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

मग रांग संपली आणि नवनवीन मॉडेल्स सुरू झाली. जानेवारी २०२३ ला टू व्हील ड्राइव्ह थार आली, १.५ लिटर डिझेलची, ९.९९ लाखांपासून. फोर बाय फोरचा लिव्हर जन्मात न ओढणाऱ्यांना आता जुनी महागडी थार घ्यायचं कारण उरलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दारांची रॉक्स आली, १२.९९ लाखांपासून, ३ ऑक्टोबरला बुकिंग उघडल्यावर पहिल्या तासात १ लाख ७६ हजार बुकिंग. तीन दारांच्या नव्या थारवर त्या वर्षअखेर लाखाच्या वर सूट मिळत होती. मग सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कमी झाला आणि टू व्हील ड्राइव्ह डिझेल थार १.३५ लाखांपर्यंत स्वस्त झाली. महिना होतो न होतो तोच, ३ ऑक्टोबरला, तिचं सुधारित मॉडेल हजर.

आता यातलं यंत्र समजून घ्या, कारण एजंट ते सांगत नाही. जुन्या गाडीची किंमत नव्या गाडीच्या किमतीला दोरीने बांधलेली असते. नवी स्वस्त झाली की जुनी त्याच दिवशी उतरते, तुम्ही ती शेडमध्ये झाकून ठेवली असली तरी. त्यात नवं मॉडेल आलं की हौशी लोक जुनी एक्स्चेंजला काढतात, म्हणजे बाजारात माल वाढतो. वर सेकंडहँड गाडीच्या कर्जाला व्याज जास्त, त्यामुळे फरक भरपूर असल्याशिवाय गिऱ्हाईक जुन्याकडे बघत नाही.

आपल्या धंद्यात ऑस्बोर्नची गोष्ट सांगतात (थोडा मीठमसाला लावून): पुढचा कॉम्प्युटर आधीच जाहीर केला, चालू मॉडेलची विक्री आटली, १९८३ मध्ये कंपनी बुडाली. इथे गंमत वेगळी. घोषणा कंपनी करते आणि फटका आधीच पैसे देऊन बसलेल्याला.

माझ्या चुलतभावाचंच बघा. २०२४ च्या उन्हाळ्यात हळदीची पट्टी चांगली आली, ती डाऊन पेमेंटला गेली. मी म्हटलं, अरे, सात वर्षांचं कर्ज? तर म्हणे, "दादा, कवाबी इकली तरी पैसे निघत्यात." हे त्याला शोरूममध्ये सांगितलेलं. म्हणून मी एक्सेलमध्ये हिशेब मांडला. १२ लाख कर्ज, साडेनऊ टक्के, ८४ हप्ते: महिना साधारण १९,६०० रुपये. दोन वर्षांत ४ लाख ७० हजार भरायचे आणि तरी बाकी ९ लाख ३४ हजार. मुद्दलातले फिटले फक्त २ लाख ६६ हजार.

आता विम्याची आयडीव्ही. ती कंपनीच्या चालू किमतीवर निघते आणि प्रचलित कोष्टकात दोन वर्षांनंतर ३० टक्के घसारा धरतात. उदाहरणापुरती गाडी १३.३५ लाखांची धरा: आयडीव्ही ९.३४ लाख, कर्जाच्या बरोबरीला. १.३५ लाखांची कपात लावा: ८.४० लाख. म्हणजे गाडी चोरीला गेली तर विम्याचे सगळे पैसे बँकेला देऊन वर ९४ हजार खिशातून. हळदीचं एक पीक त्यात कुठे गेलं ते शोधत बसा!

लोक मला यामाहा आरएक्स १०० सुनावतात. १९९६ ला बंद झाली आणि आज चांगली गाडी लाखाच्या पुढे सांगतात. बरोबर आहे, पण का? तो टू स्ट्रोक आवाज नंतर कुठल्याच नव्या गाडीत मिळेना म्हणून. पोर्शेनेही १९९८ मध्ये ९११ चं हवेवर थंड होणारं इंजिन बंद केलं आणि त्या शेवटच्या ९९३ चे भाव पुढे वर गेले. नव्या मॉडेलने काहीतरी काढून घेतलं तरच जुनं वधारतं. रॉक्सने काय काढून घेतलं? उलट दोन दारं वाढवून दिली :-)

रॉक्सवाल्यांनी फार हसू नये. महिंद्राचा मुहूर्त ठरलेला आहे. १५ ऑगस्ट २०२० ला थार दाखवली, २०२३ ला केपटाऊनमध्ये इलेक्ट्रिक थारचा नमुना, २०२४ ला रॉक्स, आणि १५ ऑगस्ट २०२५ ला मुंबईत व्हिजन टी, २०२७ पासून येणाऱ्या गाड्यांची झलक म्हणून. सात वर्षांचं कर्ज घेणाऱ्याला फेडेपर्यंत असे सात १५ ऑगस्ट काढायचे आहेत. भावाने अजून पाच काढायचेत. विकायचं म्हणतोय, पण एजंटने सांगितलेला आकडा कर्जाच्या बाकीखाली आहे, त्यामुळे एनओसी निघणार नाही, आणि एनओसीशिवाय आरसीवरचा बँकेचा बोजा उतरत नाही. तोवर गाडी धरणाच्या रस्त्याला रील काढायला मित्र नेतात. डिझेल भाऊच टाकतो.