गृहिणीचें पान : बदामाचें पीठ आणि घरचीं पिठें

बदाम म्हणजे रात्रीं भिजत घालून सकाळीं मुलांच्या हातावर ठेवावयाचे, किंवा सणावारीं शिऱ्यावर त्यांचे काप पेरावयाचे, एवढीच त्यांची आपल्या घरांतून आजवर ओळख होती. आतां मोठ्या दुकानांतून बदामाच्या पिठाच्या पिशव्या मिळूं लागल्या आहेत, आणि त्या पिठाचे केक व बिस्किटें करण्याची चाल पुण्याहून बारामतीपर्यंत येऊन पोहोंचली आहे. कित्येक घरीं ही केवळ हौस असते, आणि हौसेस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु कांहीं घरांत ती हौस नसून निकड असते. आजचें पान मुख्यतः त्या घरांसाठीं आहे.

इंदापूर तालुक्यांतील एका भगिनीचें पत्र आलें आहे. त्यांचें कुटुंब एकत्र असून रोज अकरा पानें मांडलीं जातात. सात वर्षांच्या नातीस गहू सोसत नाहीं असें तपासणींत ठरलें, तेव्हांपासून तिच्यासाठीं पुण्याहून बदामाच्या पिठाचा केक मागवितात. तो महाग पडतो म्हणून तिच्यापुरताच येतो. कोणाचाहि वाढदिवस असला कीं सर्वांस एक केक व तिला निराळी बशी. मूल कांहीं बोलत नाहीं, पण बशी घेऊन माजघरांत जाऊन बसतें, असें त्या लिहितात. आणि बदामाऐवजीं घरांतलें कोणतें पीठ चालेल, असें विचारतात. प्रश्न पिठाचा दिसतो, पण तो पंक्तीचाहि आहे, हें कोणाच्याहि ध्यानांत येईल.

प्रथम दुखण्याविषयीं थोडें. गहू, जव आणि राय नांवाचें युरोपांतील धान्य यांत ग्लूटेन नांवाचें चिकट प्रथिन असतें. कांहीं माणसांच्या शरीरास तें शत्रूसारखें वाटतें, आणि त्याच्याशीं झगडतांना शरीर स्वतःच्याच लहान आंतड्याचें अस्तर झिजवून टाकतें. मग खाल्लेलें अंगीं लागत नाहीं. मुलांची वाढ खुंटते, पोट फुगतें, औषधें देऊनहि पंडुरोग हटत नाहीं. या विकारास सिलिॲक म्हणतात. त्यावर आज तरी एकच उपाय आहे. तीं धान्यें जन्मभर पूर्णपणें वर्ज्य करणें. येथें एक सूचना अगत्यानें करावीशी वाटते. केवळ संशयावरून घरच्या घरीं गहू बंद करूं नये. रक्ताची व आंतड्याची तपासणी गहू चालू असतांनाच खरें उत्तर देते. आधींच पथ्य सुरू केल्यास दुखणें असूनहि तपासणींत तें दिसेनासें होतें.

हा शोध लागला तोहि अन्नाच्या टंचाईंत. विलेम डिके नांवाच्या डच बालवैद्यास गव्हाविषयीं संशय फार दिवसांपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत युद्धामुळें हॉलंडांत दुष्काळ पडला व पाव मिळेनासा झाला, तेव्हां या विकाराचीं मुलें सुधारूं लागलीं. पाव पुन्हा आला तेव्हां तीं पुन्हा खालावलीं. १९५० सालीं डिके यांनीं आपला प्रबंध सादर केला, आणि गव्हावरील आरोप सिद्ध झाला.

आतां पिठाकडे वळूं. एका पिठाच्या जागीं दुसरें पीठ वाटीस वाटी घालावें आणि पदार्थ बिघडला म्हणजे भट्टीस दोष द्यावा, असें बहुधा घडतें. वास्तविक पीठ बदलतांना त्याचें माप पाहण्यापूर्वीं त्याचें काम पाहावें. गव्हाचें पीठ केकांत दोन कामें करतें. पाणी मिळतांच त्यांतील ग्लूटेनचें जाळें बनतें व सोड्याचा वायु त्यांत अडकून केक फुगतो. आणि त्यांतील पिष्ट पाणी शोषून शिजतें, त्यामुळें आकार टिकतो. बदामाच्या पिठांत ग्लूटेन मुळींच नाहीं व पिष्ट नाममात्र असतें. त्याच्या वजनाचा सुमारें निम्मा भाग स्निग्धांश व पांचवा भाग प्रथिन असतें. म्हणजे शंभर ग्रॅम बदामाचें पीठ घातलें कीं सुमारें पन्नास ग्रॅम तेलच घातलें, असें समजावें. म्हणून त्याचा केक मऊ व ओलसर होतो, पण फारसा फुगत नाहीं.

बदामास पर्याय शोधणाऱ्या आपण पहिल्या नव्हेत. पोर्तुगीजांच्या देशीं बदाम व साखर वाटून मार्झिपान नांवाची मिठाई करतात. ती गोव्यांत आली तेव्हां तेथील ख्रिस्ती गृहिणींनीं बदामाच्या जागीं काजू घातला, आणि आजहि नाताळांत गोव्याचें मार्झिपान काजूचेंच असतें. तो काजूहि पोर्तुगीजांनींच ब्राझीलहून आणलेला. आपल्या देशावर काजूचें काम शेंगदाणा करूं शकेल. शेंगदाण्यांत स्निग्धांश जवळजवळ बदामाइतकाच, म्हणजे निम्म्याच्या आसपास, आणि प्रथिन बदामाहून थोडें अधिकच असतें. ज्या कृतींत केवळ बदामाचेंच पीठ आहे, तेथें शेंगदाण्याचें किंवा काजूचें पीठ वजनास वजन घालावें. फरक पडेल तो चवीचा; वेलदोडा किंवा सुंठ घातल्यास तोहि जाचत नाहीं. मात्र शेंगदाणा ज्यांस वावडा आहे अशीं मुलेंहि असतात. पाहुण्यांस वाढण्यापूर्वीं विचारून घ्यावें. खवट, सुरकुतलेले किंवा बुरसा आलेले दाणे कटाक्षानें काढून टाकावेत; त्या बुरशीचें विष भाजल्यानें पुरतें जात नाहीं.

दाण्यांचें पीठ करतांना दाणे मंद भाजून, सालें काढून, पूर्ण निवूं द्यावेत. त्यांत चमचाभर ज्वारीचें पीठ मिसळून यंत्र थांबवीत थांबवीत फिरवावें व पीठ चाळून घ्यावें. एकसारखें फिरविल्यास तेल सुटून गोळा होतो. बदामाचें पीठ घरीं करावयाचें झाल्यास बदाम मिनिटभर उकळत्या पाण्यांत टाकून सोलावेत व पूर्ण वाळवून याच रीतीनें दळावेत.

केवळ दाण्यांचा केक जड होतो. त्यास पिष्टाची जोड हवी, आणि ती आपल्या शिवारांत आहे. नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं झाला, उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. पाणी पोहोंचलें तेथें ऊस उभा राहिला. तथापि बारामती-इंदापूरच्या जिरायत भागांत शाळू अजून पेरला जातो. आपल्या पुष्कळ घरांतून मात्र भाकरी मागें पडून पोळी नित्याची झाली. संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें म्हणून पाळलें, तेव्हां ज्वारीचें कौतुक पुन्हा आपल्या कानीं आलें. ज्वारींत ग्लूटेन नाहीं. शंभर ग्रॅम बदामाच्या पिठाऐवजीं पन्नास ग्रॅम दाण्यांचें व पन्नास ग्रॅम ज्वारीचें पीठ घ्यावें. असें केल्यानें स्निग्धांश सुमारें निम्म्यावर येतो, म्हणून पंधरा-वीस ग्रॅम तूप अधिक घालावें, आणि ज्वारी पाणी शोषते म्हणून थोडें दूधहि वाढवावें.

इतर पिठांचे स्वभावहि सांगून ठेवतें. तांदुळाचें पीठ खुसखुशीत पण कोरडें. शिंगाड्याचें पीठ बहुतेक पिष्टच; बिस्किटांस चांगलें. राजगिऱ्याचें पौष्टिक, पण चौथ्या हिश्शाहून अधिक घातल्यास चिकट होतें व मातकट वास येतो. बेसन नानकटाईंत शोभतें. खोबऱ्याचा कीस आणि बाजारांत मिळणारें खोबऱ्याचें पीठ या दोन निराळ्या वस्तू आहेत. किसांत तेल भरपूर असतें, तर त्या पिठांतील तेल बहुतेक काढलेलें असल्यानें तें पाणी इतकें ओढतें कीं सांगितलेल्या पिठाच्या चौथाईनें तें घालावें. उपवासाच्या निमित्तानें गव्हावांचून चालविण्याची कला आपल्या घरांत पिढ्यान्पिढ्या आहे. येथें ती नव्या कामास लावावयाची एवढेंच.

उरला प्रश्न ग्लूटेनच्या जाळ्याचा. केक सुटूं नये म्हणून कांहींतरी बांधणारें हवें. ज्यांच्या घरीं अंडें चालतें त्यांचें काम सोपें, पण आपणांपैकीं अनेकींकडे तें चालत नाहीं. यावर तीन उपाय आहेत. पहिला, भाकरीसाठीं आपण काढतों ती उकड; आधणाच्या पाण्यांत ज्वारीचें पिष्ट फुगून चिकट होतें व पीठ तुटत नाहीं. दुसरा, इसबगोल. तिसरा, जवसाची पूड पाण्यांत भिजवून. येथें नांवाचा घोटाळा होऊं देऊं नये. जवस हें तेलबी असून तें चालतें. जव म्हणजे सातू हें धान्य मुळींच चालत नाहीं.

या रीतीचा एक केक असा करावा. शंभर ग्रॅम पाणी उकळून त्यांत तीस ग्रॅम ज्वारीचें पीठ घालावें, घोटून उकड करावी व निवूं द्यावी. दोनशें ग्रॅम दही, सव्वाशें ग्रॅम चिरलेला गूळ व साठ ग्रॅम पातळ तूप एकजीव करून त्यांत उकड मिसळावी. ज्वारीचें पीठ पंचाण्णव ग्रॅम, दाण्यांचें पंचाहत्तर ग्रॅम, इसबगोल दोन लहान चमचे, वेलदोड्याची पूड व चिमूटभर मीठ घालून मिश्रण वीस मिनिटें झांकून ठेवावें. घट्ट वाटल्यास थोडें दूध घालावें. इडलीच्या पिठाइतकें सैल असावें. अखेरीस एक लहान चमचा बेकिंग पावडर व अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून हलक्या हातानें ढवळावें, आणि तूप लावलेल्या भांड्यांत १७० अंशांवर पाऊण तास भाजावें. विजेची भट्टी नसल्यास कुकरच्या तळाशीं मीठ पसरून, शिटी व रबर काढून, मंद आंचेवर भाजतां येतो. आपल्या आज्या वाळू तापवून व झांकणावर निखारे ठेवून नानकटाई करीत, त्याच जातीची ही युक्ति. सुरी घालून ती कोरडी निघाली म्हणजे झाला. पूर्ण निवाल्यावांचून कापूं नये, नाहींतर त्याचा भुगा होईल.

पण केक साधला म्हणजे पथ्य साधलें असें नाहीं. ज्या गिरणींत नुकताच गहू दळला, तिच्यांत ज्वारी टाकली तर पहिल्या पायलींत गहू उतरतोच. तेवढा अंशहि आंतड्यास पुरतो. म्हणून घरगुती चक्की असल्यास तिच्यांत गहू घालूंच नये. नसल्यास माळ्यावरचें जातें धुऊन पुसून खालीं काढावें. चाळण व पोळपाट-लाटणें निराळें असावें. बांधानी हिंगांत बहुधा गव्हाचें पीठ असतें. म्हणजे फोडणी घातलेली आमटीसुद्धां निर्धास्त नव्हे. मेतकूट, सातूचें पीठ, शेवया, कुरडया, जवाचें माल्ट घातलेलीं पेयें, या सर्वांवर डोळा ठेवावा. बेकिंग पावडर घेतांनाहि वेष्टनावरील मजकूर वाचावा. एवढें घरांतील वडील मंडळींस कसें समजवावें, अशी चिंता सुनांस वाटते. माझा अनुभव असा कीं, आजेसासूबाईंस हें सर्वांहून लवकर समजतें. सोवळें म्हणजे काय, एका शितानें तें कसें मोडतें, निराळीं भांडीं कशीं राखावीं, हें त्यांस शिकवावें लागत नाहीं. मुलीच्या पिठाचा डबा सोवळ्याचा आहे, एवढें सांगितलें कीं पुरे.

राहतां राहिली ती निराळी बशी. बदामाचा केक महाग म्हणून एकीपुरता येत होता. ज्वारी, दाणे आणि गुळाचा केक अकरा पानांस पुरेल इतका घरीं सहज होईल. तेव्हां दोन केक करूंच नयेत. जो तिला चालतो तोच सर्वांनीं खावा. तीच गोष्ट प्रसादाची. सत्यनारायणाचा शिरा तांदुळाच्या रव्याचाहि होतो. सव्वा मापाचें तूप, साखर, दूध, केळें तेंच राहतें. घरांतील एका लेंकरास जें वर्ज्य तें पूजेच्या ताटांत नसावें, यास कोणतेंहि शास्त्र आड येईल असें वाटत नाहीं.