घरचें शास्त्र : यीस्ट, ऊन पाणी आणि साखर

घरीं पाव करण्याची आवड वाढल्यापासून पुष्कळ कुटुंबांतून एकच तक्रार ऐकूं येते. पीठ तेंच, यीस्टचा डबा तोच, परातही तीच. परंतु थोरल्या जाऊबाईंनीं मळलें म्हणजे पीठ दुप्पट फुगतें, आणि धाकटीनें मळलें कीं तें दगडासारखें बसून राहतें. मग ‘हिच्या हाताला यशच नाहीं’ असा निकाल माजघरांत लागतो, व त्या निकालावर अपील नसतें. किलोभर पीठ वायां गेल्याचें दुःख एका दिवसाचें. पण असा शिक्का एकदां बसला म्हणजे तो वर्षानुवर्षें पुसला जात नाहीं. म्हणून या खेपेस त्या निकालाचीच फेरतपासणी करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

यीस्ट, म्हणजेच किण्व, ही खाण्याच्या सोड्यासारखी निर्जीव पूड नव्हे. तिचा प्रत्येक कण म्हणजे डोळ्यांस न दिसणाऱ्या असंख्य एकपेशीय जीवांचा झोंपलेला समुदाय होय. किण्व सजीव आहे हें फ्रान्समध्यें कान्यार द ला तूर व जर्मनींत थिओडोर श्वान यांनीं १८३७ च्या सुमारास दाखवून दिलें. त्या वेळीं लीबिग व व्होलर या नामांकित रसायनशास्त्रज्ञांनीं १८३९ सालीं एक निनावी लेख छापून या कल्पनेची थट्टा केली! पुढें लुई पाश्चर यांनीं १८५७ पासून केलेल्या प्रयोगांनीं ती थट्टा कायमची बंद पाडली. हे जीव साखर खातात आणि कार्बन डायॉक्साइड वायु व थोडें मद्यार्क बाहेर टाकतात. तो वायु मळलेल्या पिठाच्या चिवट जाळ्यांत अडकतो, आणि पीठ फुगतें. मद्यार्क भट्टींत बहुतेक उडून जातें.

जीव म्हटला कीं त्याला ऊब लागते; पण तिला मर्यादा असते. दाणेदार सुकें यीस्ट भिजविण्यास ४० अंश सेंटिग्रेडच्या आसपासचें पाणी उत्तम. फार गार पाण्यांत तें नीट जागें होत नाहीं. शिवाय त्याच्या पेशींतील कांहीं द्रव्यें पाण्यांत झिरपून पीठ सैल व चिकट होतें. उलट पाणी ५५ ते ६० अंशांपर्यंत तापलेलें असेल तर ते जीव मरून जातात. गारठ्यानें झोंपलेलें यीस्ट पुन्हां उठतें. भाजलेलें उठत नाहीं. दोन्ही चुकांत हा मोठा भेद आहे.

‘कोमट’ या शब्दावर विसंबून चालत नाहीं. ज्यांचे हात नित्य तव्यापाशीं वावरतात त्यांस जें पाणी कोमट, तेंच दुसरीस कढत लागतें. घरांत उष्णतामापक नसल्यास माप वाटीनें घ्यावें. खळखळ उकळलेल्या एक वाटी पाण्यांत माठांतलें नव्हे, तर साध्या पिंपांतलें चार वाट्या पाणी मिसळलें म्हणजे सुमारें ४० अंश उष्णता येते. कडक थंडींत चारऐवजीं तीन वाट्या घ्याव्या.

आतां साखरेचें पाहूं. चमचाभर साखरेनें यीस्ट लौकर कामाला लागतें, म्हणून चार चमच्यांनीं चौपट लागेल, असा हिशेब पुष्कळजणी करितात. तो खोटा आहे. साखर मुळींच न घालतांही पाव फुगतो, कारण पिठांतील पिष्टापासून थोडी साखर पिठांतच तयार होत असते. अर्धा किलो पिठास २५ ग्रॅमपर्यंत साखर खुशाल घालावी. ती ५० ग्रॅमच्या पुढें गेली कीं साधें यीस्ट मंदावूं लागतें. याचें कारण आपल्या फडताळांतच आहे. पक्क्या पाकाचा मोरंबा वर्षभर टिकतो आणि कच्च्या पाकाचा फसफसतो, तो कां ? दाट साखर सूक्ष्म जीवांच्या अंगांतलें पाणी ओढून घेते व त्यांस वाढूं देत नाहीं. थोडी असतां जी अन्न, तीच फार झाली असतां पहारेकरी. मिठाचेंही तसेंच, म्हणून मीठ यीस्टच्या पाण्यांत न घालतां पिठांत मिसळावें.

हें सर्व मुलांसमोर पडताळून पाहण्याजोगें आहे. चार पेले घ्यावे व प्रत्येकांत अर्धी वाटी पाणी घालावें. पहिल्यांत बर्फाचें, दुसऱ्यांत वरील प्रमाणाचें ऊन, तिसऱ्यांत नुकतेंच उकळलेलें, चौथ्यांत पुन्हां ऊन. पहिल्या तिहींत एकेक लहान चमचा साखर, चौथ्यांत मात्र अर्धी वाटी. मग प्रत्येकांत एकेक लहान चमचा सुकें यीस्ट ढवळून दहा-पंधरा मिनिटें थांबावें. दुसऱ्या पेल्यावर फेंसाची जाड साय चढेल. बाकीचे जवळजवळ स्वस्थ राहतील. नंतर पहिला व तिसरा हे दोन्ही पेले ऊन पाण्याच्या भांड्यांत ठेवावे. पहिला हळूहळू फेंसाळूं लागेल. तिसरा कितीही वेळ ठेवला तरी नाहीं.

रोजच्या कामासही दुसऱ्या पेल्याची हीच कसोटी लावावी. दहा मिनिटांत फेंस न आला तर यीस्ट जुनें किंवा मेलेलें समजावें, आणि पीठ परातींत काढूंच नये. म्हणजे नुकसान चमचाभर यीस्टवर भागतें. थेट पिठांत मिसळावयाचें यीस्टही बाजारांत मिळतें. तें पाकिटावरील सूचनेप्रमाणें वापरावें.

तेव्हां पुढच्या वेळीं पीठ फुगलें नाहीं तर आधीं पाण्याची विचारपूस व्हावी, मग साखरेची, मग डब्यावरील तारखेची. या तिघांची जबानी झाल्यावांचून धाकटीच्या हातास दोष देणें हें न्यायाचें नव्हे. आणि थोरल्या जाऊबाईंस जर पाण्याची नेमकी ऊब बोटानें कळत असेल, तर तें त्यांचें कसब खरेंच. पण तें वाटीच्या मापांत बसवून धाकटीला देतां येतें, हें त्याहून मोलाचें.

पुढील अंकीं दह्याच्या विरजणाचा विचार करूं.