काइनचे गाऱ्हाणे

काइन आणि हाबेल या भावांची गोष्ट सांगताना उपदेशक एक सारवासारव हमखास करतात. परमेश्वराने धाकट्या हाबेलाचे अर्पण स्वीकारले, थोरल्या काइनचे नाही. का? तर म्हणे, थोरल्याने हलका माल आणला होता. बायबलमधल्या उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात असे कुठेही लिहिलेले नाही. हाबेल मेंढपाळ; त्याने पहिल्या वेताची पिल्ले आणि त्यांची चरबी आणली. काइन शेतकरी, त्याने जमिनीतले पीक आणले. हाबेलाच्या दानाची नावाजणी आणि काइनच्या दुष्टपणाचा दाखला पुढे नव्या कराराने पुरवला. मूळ गोष्ट गप्प आहे. काइनला आपण डावलले गेलो असे वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

गोष्टीचा सगळा कस इथेच आहे. गाऱ्हाणे खरे असूनही काइनला सूट मिळत नाही. काइन हाबेलाचा खून करण्याच्या आधी परमेश्वर त्याच्याशीच बोलतो, तेही समजावणीच्या सुरात: तोंड का उतरले आहे? पाप दाराशी दबा धरून बसले आहे, त्याचा डोळा तुझ्यावर आहे, पण त्याला आवरणे तुझ्या हातात आहे. बागेतल्या गोष्टीत आदामाने बायकोकडे बोट दाखवले, बायकोने सापाकडे. इथे साप नाहीच. दार काइनचे, आणि आत-बाहेर करणाराही तोच.

खून अर्ध्या वाक्यात उरकतो. हाबेलाच्या तोंडी सबंध गोष्टीत एक शब्द नाही. बोलते ते त्याचे रक्त, तेही मेल्यावर, जमिनीतून. भाऊ कुठे आहे असे परमेश्वराने विचारल्यावर काइन उलट विचारतो की, भावाची राखण करायला मी नेमलेला आहे काय. त्याला हो किंवा नाही असे उत्तर मिळत नाही. ज्या जमिनीने रक्त प्यायले ती यापुढे तुला पीक देणार नाही, असे ऐकवले जाते. शेतकऱ्याला याहून मोठी शिक्षा कोणती? ज्यूंच्या मिश्नेत, म्हणजे इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या धर्मनियमांत, देहदंडाच्या खटल्यातल्या साक्षीदारांना हीच गोष्ट ऐकवून बजावायला सांगितले आहे: पैशाच्या खटल्यातली चूक भरपाईने निस्तरता येते, इथे मात्र मेलेल्याचेच नव्हे, तर त्याच्या न जन्मलेल्या वंशाचेही रक्त तुमच्या माथी बसेल.

शिक्षा ऐकून काइन कळवळतो, पण स्वतःसाठी. माझे कसे होणार, मला कोणीही मारून टाकील. मेलेल्या भावाबद्दल चकार शब्द नाही. तरीही परमेश्वर त्याच्यावर खूण करतो, कोणी त्याला मारू नये म्हणून. ती खूण संरक्षणाची आहे, हे अध्यायात स्वच्छ लिहिले आहे.

लोकांनी तिचे काय केले पाहा. अमेरिकेत गुलामगिरीच्या काळात कित्येक गोऱ्या उपदेशकांनी ही खूण म्हणजे काळी कातडी असे सांगायला सुरुवात केली. भावाची जबाबदारी झटकणाऱ्याची गोष्ट त्यांनी भावाची जबाबदारी झटकण्यासाठीच वापरली, आणि खुन्याची जागा ज्यांच्या पाठीवर चाबूक पडत होता त्यांना देऊन टाकली. मॉर्मन पंथाचा पुढारी ब्रिगहॅम यंग याने १८५२ मध्ये काइनच्या शापाचा हवाला देत कृष्णवर्णीयांना पौरोहित्य नाकारले. ती बंदी १९७८ मध्ये उठली. काळी कातडी ही शापाची निशाणी असल्याची उपपत्ती पंथाने अधिकृतपणे नाकारली ती २०१३ मध्ये, एका निबंधातून. त्या निबंधात माफीचा शब्द नाही.