मजुरीचा भाव ठरवला कुणी?

«कामगार संघटनांनी श्रमाचा बाजार नासवला, तो मोकळा राहिला असता तर मजुरीचा रास्त भाव आपोआप ठरला असता.» गिरणीसंपावरच्या प्रत्येक चर्चेत कुणीतरी हे सुनावतेच. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यावर एकच प्रश्न विचारावा: हा मोकळा बाजार नेमका कोणत्या साली अस्तित्वात होता?

१८५९ चा कामगारांच्या करारभंगाचा कायदा पाहा. उचल घेतलेला मजूर काम सोडून गेला तर दंडाधिकारी त्याला कामावर परतण्याचा किंवा उचल फेडण्याचा हुकूम देई; हुकूम मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा कायदा जिवंत होता. अधिक मजुरी देणाऱ्याकडे जाण्याची शिक्षा तुरुंग असेल, तर स्पर्धा कसली?

आता मालकांकडे वळू. मुंबईच्या गिरणीमालकांनी आपला संघ १८७५ मध्येच स्थापला. १९२५ मध्ये या संघाने मजुरीत साडेअकरा टक्के कपात ठरवली. कपात सगळीकडे सारखीच, म्हणून एका गिरणीतून उठून शेजारच्या गिरणीत जाण्यात मजुराला काही अर्थ उरला नाही. व्यापाऱ्यांनी साखरेचा भाव असा ठरवला की आपण त्याला संगनमत म्हणतो. मजुरीचा ठरवला की तो ‘मालक संघाचा निर्णय’ होतो! सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. डिसेंबरात सरकारने कापडावरचे साडेतीन टक्के अबकारी शुल्क स्थगित केले, तेव्हा कुठे कपात मागे घेतली गेली. मालकांच्या पदरात करसवलत पडली. कामगारांना जे मुळात त्यांचेच होते ते परत मिळाले, तेही उपासमार सोसून.

आणि कामगारांची एकी? १९२१ च्या सुमारास मद्रासच्या बकिंगहॅम व कर्नाटिक गिरणीने बी. पी. वाडिया आदी नेत्यांविरुद्ध उच्च न्यायालयातून मनाईहुकूम मिळवला. त्या धक्क्यानंतर १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला आणि संघटित होणे हा फौजदारी कट ठरण्याचे भय सरले.

आम्हा मौदेकरांना जवळचे असे एक उलट उदाहरण नागपूरचे. १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेल्या एम्प्रेस मिलला कामगारांच्या गैरहजेरीने हैराण केले होते. जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये तिथे निवृत्तिवेतन निधी काढला. चरित्रकार यात औदार्य पाहतात, आणि ते होतेही. पण मजूर निघून जाऊ शकतो, ही धास्तीही मला त्यात दिसते.

१९६९ च्या मक्तेदारी कायद्यात कामगार संघटनांना स्पष्ट सूट होती. २००२ च्या स्पर्धा कायद्यात ती नाही. त्याच्या कलम ३ मध्ये संगनमताने ‘खरेदी वा विक्री’ किंमत ठरवण्यास मनाई आहे. मजुरी ही श्रमाची खरेदी किंमतच ना? तरी ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी स्पर्धा आयोगाचा गाजलेला निर्णय गेला तो मुंबईच्या चित्रपट कामगार महासंघाविरुद्ध: सभासदांखेरीज कुणालाही काम देऊ नये, हा त्यांचा नियम बेकायदा ठरला. नियम वाईटच होता. बाहेरून येणाऱ्या होतकरू तंत्रज्ञाची वाट तो अडवी. निकालाशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते या कलमाची धार मालकांच्या वेतनसंगनमतावर का चालत नाही, याच्याशी. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१० मध्ये ॲपल, गूगल, इंटेल यांसारख्या कंपन्यांना एकमेकांचे कर्मचारी न फोडण्याच्या समझोत्यांबद्दल न्यायालयात खेचले. तिथला मूळ कायदा १८९० चा आहे. आपला तर त्याहून शतकभराने तरुण.