तापीचं पाणी आणि दोन भट्ट्या

भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक केंद्र कोळसा जाळतं. त्याला पाणी पुरवणारी तापी खानदेश ओलांडून गुजरातेत शिरते आणि उकाई धरणाच्या खाली काकरापारच्या अणुवीज केंद्राचीही तहान भागवते. दोन्हीकडे वाफच टर्बाइन फिरवते. फरक आहे तो उष्णता येते कुठून, याचा.

काकरापारला युरेनियम-२३५ च्या अणुकेंद्रकात न्यूट्रॉन शिरतो, केंद्रक दुभंगतं, प्रचंड उष्णता निघते आणि सुटलेले दोन-तीन न्यूट्रॉन पुढची केंद्रकं फोडू लागतात. इंधनातल्या नैसर्गिक युरेनियमात युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के, त्यामुळे जड पाण्यानं न्यूट्रॉनचा वेग उतरवावा लागतो. जादा न्यूट्रॉन शोषून घेणारे दांडे ही साखळी काबूत ठेवतात. या इंधनाचा भट्टीत अणुबॉम्बसारखा स्फोट होऊच शकत नाही. ती भीती मनातून काढलेली बरी.

काळजी करायची ती बंद भट्टीची. साखळी थांबली तरी आतली किरणोत्सारी द्रव्यं तापतच राहतात. बंद होताक्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता शिल्लक असते. फुकुशिमात २०११ साली चालू भट्ट्या भूकंप होताच बंद झाल्या होत्या. घात केला तो त्सुनामीनंतर बंद पडलेल्या पंपांनी. काकरापारच्या पहिल्या भट्टीतही ११ मार्च २०१६ रोजी जड पाण्याची गळती झाली. बाहेर धोका पोहोचला नाही असं अधिकाऱ्यांनी सांगितलं, पण ती भट्टी पुन्हा सुरू व्हायला २०१९ उजाडलं.

आता दुसरं पारडं. एक किलो युरेनियम-२३५ पूर्ण भंगलं तर सुमारे तीन हजार टन चांगल्या कोळशाएवढी उष्णता देतं. कोळशाची राख आणि धूर हा अपघात नव्हे, रोजचा कारभार आहे. त्याची झळ लागलेल्यांच्या नावानं कुठलाही स्मृतिदिन पाळला जात नाही. म्हणून माझा कौल अणुविजेकडे झुकतो; काकरापारला ७०० मेगावॉटच्या दोन स्वदेशी भट्ट्या २०२३ आणि २०२४ मध्ये व्यापारी उत्पादनात आल्या, याचा मला अभिमानही आहे.

पण हा कौल बिनशर्त नाही. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या स्वायत्ततेवर महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्येच बोट ठेवलं होतं. भट्टी चालवणारा आणि तिला थांबवण्याचा अधिकार असणारा, यांचा वरिष्ठ एकच असता कामा नये. गळती झाली की तिचं कारण आणि मोजमाप त्याच आठवड्यात जाहीर व्हावं, आणि गुजरात सीमेलगतच्या नवापूरला ते मराठीत वाचायला मिळावं.