बॅगा भरून झाल्या. आईची फाईल कुठे आहे?

गणपती विसर्जन होऊन चार-पाच दिवस झाले असतील. वरळी कोळीवाड्यातले एक कुटुंब दवाखान्यात आले. नवरा-बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि सोबत आजी. आठ दिवसांनी टोरांटोचे विमान होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

"डॉक्टर, सहा महिन्यांची औषधं लिहून द्या. आता फक्त एवढंच राहिलंय," मुलगा म्हणाला. बाकी सगळे झाले होते. घराची कागदपत्रे, शाळेचा दाखला, बँकेची कामे, थंडीचे कपडे. सुके बोंबील, सोडे आणि घरचा मसाला बांधून तयार होता. गोलफादेवीचा कौलही घेऊन झाला होता. बॅगांचे वजन तर तीन वेळा करून झाले होते.

चौघांपैकी तिघे जाणार होते. चौथी दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. तिची फाईल कोणी आणली नव्हती, कारण ती पेशंट म्हणून आलीच नव्हती.

चिठ्ठी लिहिता लिहिता माझे लक्ष तिच्या पावलांकडे गेले. दोन्ही पाय सुजलेले, चपलेचा पट्टा रुतलेला. ब्लडप्रेशर मोजले तर १८०/१०४. गोळ्या चालू आहेत का विचारले, तर महिन्यापूर्वी संपल्या होत्या. "घरात एवढी धावपळ, कुणाला सांगू?" मग हळूच म्हणाल्या, "जिना चढताना दम लागतो. पण हे गेले की दाखवीन."

"हे गेले की दाखवीन" हे वाक्य मी आजवर कितीतरी आयांच्या तोंडून ऐकले आहे. मुलाच्या जाण्यात आपल्या आजाराचा अडथळा नको, म्हणून त्या गप्प बसतात. मुलगा विचारत नाही, कारण विचारले आणि काही निघाले तर काय करायचे, ही भीती त्यालाही असते. दोघेही प्रेमापोटीच गप्प राहतात, पण त्याची किंमत मोठी असते.

म्हणून आज थोडे स्पष्ट लिहितो. परदेशी कायमचे जाणाऱ्या कुटुंबाने निघण्यापूर्वी दोन फाईली तयार केल्या पाहिजेत. एक जाणाऱ्यांची आणि एक मागे राहणाऱ्यांची. पहिली थोडीफार होते, कारण व्हिसा मागतो. दुसरी कोणी मागत नाही, म्हणून ती होतच नाही. माझ्या मते दुसरी जास्त महत्त्वाची आहे.

आधी जाणाऱ्यांची फाईल

व्हिसासाठी मेडिकल झाली म्हणजे तब्येतीची तयारी झाली, असा समज असतो. तसे नाही. ती तपासणी त्या देशाच्या गरजेसाठी असते. टीबीसारखे आजार आहेत का, हे त्यांना पाहायचे असते. तुमची शुगर कशी सांभाळायची, हे त्या तपासणीचे काम नाही.

मुलांच्या लसी. आपल्या सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत देतात. त्यात गालगुंडाची लस नसते. कांजिण्यांची लसही त्या यादीत नाही. पालिकेच्या दवाखान्यात सगळे डोस वेळेवर घेतलेल्या मुलालाही हे दोन नसू शकतात. टोरांटो ज्या ओंटारिओ प्रांतात आहे, तिथे शाळेत जाणाऱ्या मुलांना गालगुंडाच्या लसीचा पुरावा लागतो आणि २०१० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कांजिण्यांचाही. अमेरिकेत तर पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला गोवराचा डोस धरतच नाहीत. यात आपल्या लसीकरणाची चूक नाही. आपल्याकडे गोवर लवकर गाठतो, म्हणून लस लवकर देतात. पण राहिलेले डोस शेवटच्या आठवड्यात उरकता येत नाहीत. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना कांजिण्यांच्या दोन डोसांत साधारण तीन महिन्यांचे अंतर ठेवतात. म्हणून लसींचे कार्ड तिकीट काढतानाच डॉक्टरांना दाखवा. कार्ड हरवले असेल तर जिथे लसी घेतल्या तिथून नोंद मिळवा आणि तारखांसह टाईप करून सही-शिक्क्याचे पत्र घ्या.

एक गोष्ट आवर्जून सांगा. मुलाला जन्मानंतर बीसीजी दिली आहे, ही नोंद त्या पत्रात हवी. बीसीजीमुळे कातडीवरची टीबीची चाचणी कधीकधी पॉझिटिव्ह दिसते. रक्तावरची इग्रा चाचणी बीसीजीमुळे चुकत नाही. हे तिकडच्या डॉक्टरांना माहीत असते, पण बीसीजी दिली आहे हे त्यांना तुम्हीच सांगायला हवे.

औषधे. गोळ्या पाकिटातून काढून स्टीलच्या डब्यात भरू नका. मूळ पाकिटात ठेवा. सोबत चिठ्ठी हवी आणि तिच्यावर औषधाचे मूळ नाव हवे, फक्त कंपनीचे नाव नको. आपल्या दुकानातली ब्रँडची नावे तिकडे कोणाला कळत नाहीत. साधे पॅरासिटामॉलसुद्धा अमेरिकेत आणि कॅनडात ॲसिटामिनोफेन म्हणून विकले जाते. सहा महिन्यांचा साठा नेण्यापेक्षा साधारण तीन महिन्यांचा न्या आणि तेवढ्या वेळात तिकडचा डॉक्टर शोधा. झोपेच्या गोळ्या, ट्रामाडॉल, कोडीन असलेली खोकल्याची औषधे यांवर अनेक देशांत कडक नियंत्रण आहे. संयुक्त अरब अमिरातीत अशा औषधांसाठी आधी परवानगी लागते. तिकडे राहायला जाणाऱ्यांनी हे आधीच तपासावे.

इन्सुलिन. या कुटुंबातला मुलगा बाटलीतले इन्सुलिन घेत होता. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात आणि सिरिंजही ४० चीच असते. कॅनडा, अमेरिका, ब्रिटनमध्ये १०० युनिटचे इन्सुलिन मिळते. तिकडची बाटली आणि इकडून नेलेली ४० ची सिरिंज अशी जोडी झाली, तर अडीच पट डोस जातो. त्यात माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून १०० युनिटचे इन्सुलिन आणि त्याचीच सिरिंज, किंवा पेन, सुरू करून सवय करून घ्या. विमानात इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. सामानाच्या कप्प्यात ते गोठले तर निकामी होते.

आकडे. आपल्याकडे शुगर १२६ असेल तर कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात तीच ७ दिसते, कारण तिकडे मोजण्याचे एकक वेगळे आहे. आपल्या आकड्याला १८ ने भागायचे, एवढे लक्षात ठेवा. "तिकडे गेल्यावर शुगर एकदम उतरली" म्हणून गोळ्या बंद करू नका.

दातांची आणि चष्म्याची कामे इथेच उरका. आरोग्य विमा कधीपासून लागू होतो हेही आधी पाहा. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पोचलेला महिना आणि पुढचे दोन महिने थांबावे लागते. तेवढ्या काळाचा खासगी विमा काढा.

आणि हो, ब्लडप्रेशर असेल तर सुक्या मासळीतले मीठ विसरू नका. घरची आठवण आली की रोज सोडे खाल्ले जातात. नेताना कस्टमच्या अर्जावरही ती मासळी लिहा, लपवू नका.

आता राहणाऱ्यांची फाईल

मार्च २०२० च्या अखेरीस वरळी कोळीवाडा सील झाला. त्याच्या आठवडाभर आधीच परदेशातून येणारी विमाने थांबली होती. नियमित उड्डाणे पुन्हा सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडले. मधल्या काळात खास विमाने आली, पण हवे तेव्हा तिकीट काढून येणे शक्य नव्हते. परदेशातल्या मुलांना त्या दिवसांत कळले की, "काही झालं तर मी लगेच येतो" हे वचन आपल्या हातात नसते. तेव्हा आईबाबांच्या उपयोगी पडले ते गल्लीतले लोक. शेजारची वहिनी, समोरचा भाचा, औषधाच्या दुकानातला मुलगा.

महामारी सोडा, एरवीही हेच खरे आहे. इथे रात्री दोन वाजता आईच्या छातीत दुखू लागले, तर हिवाळ्यात टोरांटोत दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. मुलगा कामावर, फोन बंद. तोपर्यंत इथे कोणीतरी निर्णय घ्यायला हवा. तो कोण घेणार, हे निघण्याआधी ठरले पाहिजे.

म्हणून या फाईलमध्ये पुढच्या गोष्टी असाव्यात.

पहिली म्हणजे तपासणी. निघण्याच्या किमान दोन महिने आधी आईबाबांची पूर्ण तपासणी करा. ब्लडप्रेशर, शुगर, किडनी, ईसीजी, डोळे, आणि तोल जातो का तेही. पडून खुब्याचे हाड मोडणे हे एकट्या राहणाऱ्या वृद्धांवरचे फार मोठे संकट असते. कोळीवाड्यातल्या घरांचे जिने उभे असतात. कठडा बसवा, मोरीत पकडायला दांडी लावा, रात्रीचा दिवा लावा. निरोप समारंभाच्या खर्चाच्या मानाने हे काही जास्त नाही.

दुसरी म्हणजे एका पानावरची माहिती. आजार, चालू औषधे आणि त्यांच्या वेळा, ॲलर्जी, झालेली ऑपरेशन्स, रक्तगट, डॉक्टरांचा नंबर. एक प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, एक शेजारी द्या, एकीचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ठेवा.

तिसरी म्हणजे माणसे. दोन नावे लिहा, आणि त्या दोघांना समोर बसवून विचारा, "तुम्ही कराल ना?" गृहीत धरू नका. १०८ ला फोन केला तर ॲम्ब्युलन्स येईल, पण कोळीवाड्याच्या अरुंद गल्लीत ती शिरणार नाही. आजीला खुर्चीत बसवून मोठ्या रस्त्यापर्यंत कोण आणणार, कोणत्या हॉस्पिटलला नेणार, हे त्या दोघांना माहीत हवे.

चौथी म्हणजे पैसे. हॉस्पिटलच्या पहिल्या दिवसाचा खर्च शेजाऱ्याने स्वतःच्या खिशातून करावा, ही अपेक्षा बरोबर नाही. तेवढी रक्कम इथल्या विश्वासू नातेवाइकाला काढता येईल अशी व्यवस्था करा. विम्याची कागदे फाईलमध्ये ठेवा. वय ७० किंवा जास्त असेल तर आयुष्मान भारतचे वय वंदना कार्ड काढून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून ते उत्पन्नाची अट न ठेवता मिळते आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. कोणती हॉस्पिटले त्यात आहेत, हेही तेव्हाच पाहून ठेवा.

पाचवी गोष्ट बोलायला सर्वांत जड जाते. आईला शेवटच्या आजारात काय हवे आहे? व्हेंटिलेटर हवा का? घरी राहायचे आहे का? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करता येते. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा, त्याचे नावही त्यात लिहिता येते. "निघताना अशुभ कशाला बोलायचं?" असे लोक म्हणतात. मला वाटते, समोरासमोर बसून, तिचा हात हातात घेऊन बोलता येण्याची हीच वेळ आहे. पुढे हेच प्रश्न एखादा अनोळखी डॉक्टर फोनवर विचारेल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

"मग जायचंच नाही का?"

असे मी मुळीच म्हणत नाही. चांगल्या आयुष्यासाठी मुलांनी जावे. कोळीवाड्यातली कितीतरी माणसे पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर गेली आहेत. पण होडी लोटण्याआधी जाळे, दोर, इंजिन तपासून मगच निघायचे, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. घरच्या माणसांच्या बाबतीत आपण तेवढे तरी करावे, एवढेच म्हणतो.

तिकडे गेल्यावर रोज ठरलेल्या वेळी फोन करा. पाच मिनिटे पुरेत, पण वेळ पक्की हवी. "बरी आहेस ना?" विचारू नका, त्याचे उत्तर "हो"च येते. "आज काय जेवलीस? सकाळची गोळी कुठली घेतलीस? पाय सुजलेत का, कॅमेऱ्यात दाखव," असे विचारा. सुरुवातीचे काही दिवस रडू येणे, जेवण न जाणे स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांनंतरही झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही असे असेल, तर ते नुसते आठवण येणे नाही. डॉक्टरांना दाखवायला सांगा.

त्या आजींचे पुढे काय झाले, ते सांगतो. दुसऱ्या दिवशी हृदयाची तपासणी झाली. हृदयाचे काम थोडे कमी झाले होते. गोळ्या सुरू झाल्या आणि आठवड्यात सूज उतरू लागली. मुलाने तिकीट तीन आठवडे पुढे ढकलले. त्या तीन आठवड्यांत जिन्याला कठडा बसला, भाचीने फाईल ताब्यात घेतली आणि मुलाचे १०० युनिटचे इन्सुलिनही सुरू झाले.

निघण्याच्या आदल्या दिवशी सगळे पुन्हा आले. या वेळी आजी स्टुलावर नव्हत्या, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. फाईल त्यांच्या मांडीवर होती.

तुमच्याही घरात कोणी निघायच्या तयारीत असेल, तर आज घरी गेल्यावर बॅगेचा विचार जरा बाजूला ठेवा आणि आईला एकच प्रश्न विचारा, "तुझ्या गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात?" बाकीचे सगळे त्यातून पुढे येईल.