लाठी कुणाच्या हातात, पाठ कुणाची?



कापसाचा हंगाम आला की दोन गोष्टी हमखास होतात. भाव पडतात आणि कलेक्टर कचेरीसमोर बंदोबस्त वाढतो. भावाबद्दल या पानावर आम्ही नेहमीच लिहितो. या वेळी बंदोबस्ताबद्दल लिहायचे आहे. मोर्चासमोर खाकी घालून जो उभा असतो तो कोण, त्याला काय शिकवून उभे केले आहे आणि त्याच्या घरी काय पिकते, याचा विचार आपण आजवर फारसा केलेला नाही.

मोर्चापुढची रांग नीट पाहा. सगळेच पोलीस नसतात. त्यांत निम्मेशिम्मे चेहरे ओळखीचे निघतात. कुणी आर्णीकडचा, कुणी घाटंजीचा, कुणी राळेगावच्या बाजूचा. घरी चार एकर कोरडवाहू, वर्षभर पऱ्हाटी आणि ज्वारी. आणि बंदोबस्त निघाला की अंगावर होमगार्डचा गणवेश. ज्याच्या हातात लाठी आहे त्याचा चुलता मोर्चात आहे. चुलत्याने हाक मारली तर पोराने मान खाली घालायची की लाठी उचलायची? हा प्रश्न पोराचा एकट्याचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे.

होमगार्ड ही संस्था आपल्याच राज्यातली. 6 डिसेंबर 1946 रोजी मुंबईत ती उभी राहिली. त्या वेळी मुंबईत दंगली पेटल्या होत्या, पोलीस अपुरे पडत होते. मोरारजी देसाई गृहमंत्री होते. गावातल्या-मोहल्ल्यातल्या नागरिकांनीच शांतता राखायला पुढे यावे ही कल्पना होती. 1947 साली त्याचा कायदा झाला. 1962 च्या चीनच्या आक्रमणानंतर देशभर ती एका साच्यात आणली गेली. म्हणजे जन्मच दंगलीतला. पण दंगल वेगळी आणि मोर्चा वेगळा. दंगलीत एक शेजारी दुसऱ्या शेजाऱ्याचे घर जाळतो. तिथे मध्ये उभे राहणे हे पुण्याचे काम आहे. मोर्चात शेतकरी सरकारकडे घामाचे दाम मागतो. दोन्ही ठिकाणी तोच पोरगा, तीच लाठी आणि तीच कवायत, इथेच गफलत आहे.

कायद्याने कामावर बोलावलेल्या होमगार्डला पोलिसासारखेच अधिकार आणि संरक्षण मिळते. पोलिसासारखी नोकरी मात्र मिळत नाही. काम असेल त्या दिवसाचा भत्ता, नसेल त्या दिवशी वखरामागे. 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने हिमाचलच्या होमगार्डांच्या खटल्यात सांगितले की यांना कायम करता येणार नाही, पण महिन्याचे 30 दिवस काम केले तर पोलिसाच्या किमान पगाराएवढी रक्कम हाती पडेल असा भत्ता द्यावा. यावरून एवढे कळते की हा माणूसही आपल्यासारखाच रोजच्या हिशेबावर जगणारा आहे. त्याच्याशी आपले वैर नाही.

दुसरी फौज आहे टेरिटोरियल आर्मीची, म्हणजे प्रादेशिक सेनेची. 1948 च्या कायद्याने ती झाली. आपापला धंदा सांभाळून काही काळ शिपाईगिरी करणारी माणसे तीत असतात. मुलकी सत्तेच्या मदतीला बोलावले तर जायचे, हे त्या कायद्यातच लिहिले आहे. नागपूरच्या सीताबर्डी किल्ल्यात तिच्या एका पलटणीचा मुक्काम राहिलेला आहे. वर किल्ला, आणि त्याच सीताबर्डीत खाली गोवारी शहीदांचे स्मारक. जे कधी नागपूरला गेले आहेत त्यांनी ते पाहिले असेल.

23 नोव्हेंबर 1994. विधानसभेचे हिवाळी अधिवेशन चालू होते. गोवारी समाजाची हजारो माणसे अनुसूचित जमातीचा हक्क मागायला गेली होती. गुरे राखणारी माणसे, बरोबर बायका आणि लेकरे. संध्याकाळपर्यंत कुणी निवेदन घ्यायला आले नाही. मग लाठी चालली, गर्दी घाबरली, आणि पुढे लाकडी-लोखंडी अडथळे. 114 जीव गेले, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. गोळी सुटली नव्हती, हे लक्षात ठेवा. 114 माणसे मरायला बंदूक लागली नाही. वाट बंद करून मागून लाठी उगारली, एवढे पुरले.

दंगल काबूत आणण्याचे शिक्षण म्हणतात त्यातला पहिला धडा हाच असायला हवा: गर्दी पांगवायची असेल तर तिला जायला वाट ठेवा. आपण शेतकरी हे जाणतो. गोठ्याचे दार लावून आत बैलाला बडवले तर बैल भिंत पाडतो, नाहीतर स्वतः मरतो. दार उघडे ठेवले तर तो आपसूक बाहेर येतो.

कायदा काय म्हणतो? पूर्वीचा फौजदारी संहितेचा कायदा जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या 148 ते 151 या कलमांत जमाव पांगवण्याचे नियम आहेत, आणि ते बहुतांशी जुनेच आहेत. पाच किंवा अधिक माणसांचा बेकायदा जमाव असेल तर दंडाधिकारी किंवा ठाणेदार आधी पांगण्याचा हुकूम देतो. हुकूम मोडला किंवा मोडण्याचा निर्धार दिसला तरच बळ वापरता येते. फौज बोलवायची ती त्यानेही भागले नाही तर, जिल्हादंडाधिकाऱ्याच्या किंवा त्याने अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या सांगण्यावरून. आणि फौजेला बजावले आहे की कमीत कमी बळ वापरा, माणसांना व मालाला कमीत कमी इजा करा. पुढचे कलमही वाचा. या कामाबद्दल कुणावर खटला भरायचा तर सरकारची परवानगी लागते. मारणाराही सरकारचा आणि परवानगी देणारेही सरकारच. मेलेल्याच्या घरचे लोक मग कचेऱ्यांचे उंबरे झिजवतात.

आपल्या चळवळीला हे नवे नाही. नोव्हेंबर 1980 मध्ये कांदा-उसाच्या आंदोलनात नाशिक जिल्ह्यात खेरवाडीला, एप्रिल 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी निपाणीला, डिसेंबर 1986 मध्ये कापसासाठी सुरेगावला शेतकरी गोळीने मेले. 9 ऑगस्ट 2011 रोजी मावळात पवनेच्या पाण्यासाठी द्रुतगती महामार्गावर आलेल्यांपैकी तिघे गेले, त्यात एक बाई होती. कांदा, तंबाखू, कापूस, पाणी. जिन्नस बदलले, सरकारे बदलली, गोळी बदलली नाही.

अर्धवेळ शिपायाच्या हाती बंदूक आणि डोक्यात अर्धे शिक्षण असले म्हणजे काय होते, याचा दाखला अमेरिकेत सापडतो. तिथे नॅशनल गार्ड म्हणून अशीच फौज आहे. एरवी दुकानदार, कामगार, शेतकरी, आणि बोलावले की शिपाई. जुलै 1967 मध्ये डेट्रॉईट शहराच्या दंगलीत 43 माणसे मेली. तिथे मुरलेल्या पलटणींपेक्षा या अर्धवेळ पोरांनी कितीतरी जास्त गोळ्या उडवल्या. त्यानंतर त्यांना दंगलीचे शिक्षण देण्याचा मोठा गाजावाजा झाला. तरी 4 मे 1970 ला ओहायो राज्यातल्या केंट विद्यापीठात व्हिएतनाम युद्धाविरुद्ध जमलेल्या विद्यार्थ्यांवर त्यांनी 13 सेकंदांत 67 गोळ्या झाडल्या. चार मेले, नऊ जखमी झाले. मेलेल्यांतले दोघे तर निदर्शनात नव्हतेच, वर्गाकडे निघाले होते. ही तुकडी त्याआधी ट्रकचालकांच्या संपाच्या बंदोबस्तावर होती, थकलेली होती, आणि हातात युद्धातली रायफल होती. पुढे नेमलेल्या आयोगानेच तो गोळीबार समर्थनीय नव्हता असे म्हटले. कवायत झाली होती. पण समोर आपलाच माणूस आहे आणि त्याला बोलण्याचा हक्क आहे, हे कवायतीत शिकवले गेले नव्हते.

म्हणून आम्ही असे म्हणत नाही की होमगार्डला शिक्षण देऊ नका. उलट, पूर्ण द्या. दहावी पास आणि धावण्यात उतरला म्हणून पोरगा घेतला, परेड आणि लाठीचे चार हात शिकवले आणि चौकात उभा केला, याला शिक्षण म्हणत नाहीत. जिल्हा बैठकीपुढे आम्ही हे ठराव ठेवत आहोत:

एक, मोर्चाच्या बंदोबस्तावर येणाऱ्या प्रत्येक होमगार्डला वरील कलमे मराठीत समजावून सांगावीत, आणि जखमीला उचलण्याचे, चेंगराचेंगरीत माणूस वाचवण्याचे शिक्षण लाठीच्या आधी द्यावे.

दोन, मोर्चा अडवण्याच्या जागी परतीची वाट कुठे, हे आदल्या दिवशी आयोजकांबरोबर ठरवून लिहून द्यावे. बायका-मुले असतील तिथे लाठी नको.

तीन, निवेदन घेणारा अधिकारी ठरल्या वेळी हजर असावा. अर्धी गडबड उन्हात ताटकळत ठेवल्याने होते.

चार, पुरेशी झोप आणि जेवण न दिलेला माणूस जमावापुढे उभा करू नये. त्याचा भत्ता वेळेवर द्यावा. हा ठराव त्यांच्यासाठी आहे, आणि तो आपणच मांडला पाहिजे.

पाच, जबाबदारी आपलीही आहे. 1930 साली बापूजी अण्यांनी याच जिल्ह्यात पुसदला जंगल सत्याग्रह केला. कायदा मोडला तो उघड, सांगून, दगड न उचलता. आपल्या मोर्चात एक दगड सुटला की हुकूम देणाऱ्याला निमित्त मिळते आणि दगड लागतो तो शेजारच्या गावच्या पोराला. प्रत्येक तालुक्याने आपले स्वयंसेवक नेमावेत, दारू प्यालेल्याला रांगेत घेऊ नये, म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बाया कडेने चालतील अशी मांडणी करावी, पाण्याची सोय आपली आपण करावी.

आणखी एक काम घरचे आहे. ज्यांच्या घरात होमगार्डचा गणवेश दोरीवर वाळत आहे त्यांनी पोराला जवळ बसवून कापसाचा हिशेब सांगावा: बियाणे किती, खत किती, वेचणी किती आणि व्यापाऱ्याने हातावर काय ठेवले. त्याच घरात तो वाढला आहे, पण हा हिशेब त्याला कुणी मांडून दाखवलेला नसतो. तो कळला की मोर्चा कशासाठी आहे हे त्याला वरिष्ठाने सांगावे लागणार नाही. हुकूम त्याला पाळावाच लागेल, ती त्याची शपथ आहे. पण हात किती जोरात उचलायचा हे हाताच्या धन्याच्याच स्वाधीन असते.

आपले भांडण लाठी धरणाऱ्याशी नाही. ज्या धोरणाने बापाला मोर्चात आणि लेकाला रोजच्या भत्त्यावर बंदोबस्तात आणून उभे केले, त्या धोरणाशी आहे. शेतात भाव मिळाला असता तर दोघेही आज ज्वारीची राखण करत असते.

बैठकीला येताना हे पान घेऊन या. ठरावांवर बोला, कमी-जास्त सुचवा. आणि गावातला होमगार्ड बैठकीला बसायला आला तर त्याला बाहेर उभे करू नका, सतरंजीवर जागा द्या.